स्मार्ट मीटर बसल्यावर घरातील कोणती वीज दिवसा वापरावी? नागपुरातील एका घराचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. मनीषनगरातील एका इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल-किचनची सदनिका. प्रश्नकर्त्या बाई सकाळच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि दुपारी दीडला घरी येतात. यजमान बुटीबोरीला नोकरीस जातात, मुले शाळेत जातात आणि सासूबाई दिवसभर घरी असतात. तीन महिन्यांपूर्वी जुना मीटर काढून स्मार्ट मीटर बसवला गेला. ‘रात्री वीज स्वस्त असते’ असे कोणीतरी सांगितल्यावरून तेव्हापासून वॉशिंग मशीन आणि विजेवरची स्कूटर रात्री अकरानंतर लावली जाते, खालच्या मजल्यावरचे आवाजाची तक्रार करतात, आणि बिलात मात्र काहीच फरक दिसत नाही. रात्रीची वीज खरोखर स्वस्त असते का, आणि नेमके काय केव्हा चालवावे, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला सवलत मिळते ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेवर, रात्रीच्या विजेवर नव्हे. १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या दररचनेत ही सवलत प्रति युनिट ८० पैशांपासून सुरू होते आणि पुढील वर्षांत १ रुपयापर्यंत जाते. ती फक्त वेळेनुसार नोंद ठेवणाऱ्या, म्हणजे टीओडी मीटर असलेल्या घरांनाच मिळते. म्हणजे तीन महिने आपण झोपमोड करून जी वीज वापरली, ती सवलतीच्या वेळेतून उचलून बिनसवलतीच्या वेळेत नेऊन ठेवली.

यात आपली चूक मानण्याचे कारण नाही, कारण हा समज हवेतून आलेला नाही. मी पंचवीस वर्षे नागपूर परिसरात कारखान्यांचे आणि इमारतींचे ऊर्जा लेखापरीक्षण करतो आहे, आणि हिंगणा एमआयडीसीतील कित्येक कारखानदारांना मीच पूर्वी भट्ट्या आणि कॉम्प्रेसर रात्रपाळीत चालवण्याचा सल्ला दिलेला आहे. त्या काळी उद्योगांच्या दररचनेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील विजेवर युनिटमागे दीड रुपया सवलत होती, तर सकाळी ९ ते दुपारी १२ या वेळेत ८० पैसे आणि संध्याकाळी ६ ते रात्री १० या वेळेत १ रुपया १० पैसे जादा लागत. कोराडी आणि खापरखेड्याचे औष्णिक संच रात्री मागणी उतरली तरी पूर्ण बंद ठेवता येत नाहीत. बॉयलर थंड करून पुन्हा पेटवणे फार खर्चाचे असते. तेव्हा ती रात्रीची वीज कोणीतरी वापरावी म्हणून ती स्वस्त ठेवलेली होती. पुढे सौर प्रकल्प इतके वाढले की भर दुपारी वीज मुबलक आणि सूर्य कलला की तिची चणचण, असे उलटे चित्र तयार झाले. त्याला अनुसरून केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सौर तासांत दर कमी आणि गर्दीच्या तासांत जास्त ठेवण्याचे तत्त्व घातले. दर उलटले, पण कारखान्यांतल्या माणसांनी घरी येऊन सांगितलेली जुनी गोष्ट तशीच कानोकानी फिरत राहिली. आज उद्योगांना संध्याकाळपासूनच्या तासांत जादा दर पडतो. घरगुती ग्राहकांसाठी सुरुवात दिवसाच्या सवलतीने झाली आहे.

आता दुसरा, अधिक महत्त्वाचा भाग. कोणते उपकरण दिवसा हलवावे हे ठरवण्यापूर्वी ८० पैशांचे वजन नीट समजून घेतले पाहिजे. घरगुती बिलात १०० युनिटपर्यंतच्या विजेचा दर वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा आकार) धरून युनिटला सहा रुपयांच्या आसपास पडतो, परंतु १०१ ते ३०० या टप्प्यात तोच दहा रुपयांच्या वर जातो आणि ३०० च्या पुढे आणखी चढतो. हा टप्पा महिन्याच्या एकूण युनिटांवरून ठरतो. वीज दिवसा वापरली की रात्री, याने टप्पा बदलत नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यातले एक युनिट दिवसा हलवले तर ८० पैसे वाचतात, आणि तेच युनिट वापरलेच नाही तर दहा रुपयांहून अधिक वाचतात. वेळ बदलण्याच्या नादात वापर दहा टक्क्यांनी जरी वाढला तरी सगळी सवलत तिथेच खर्ची पडते. पुढचा सगळा हिशेब या एकाच प्रमाणावर उभा आहे.

वॉशिंग मशीनपासून सुरुवात करू, कारण त्यासाठी आपण सर्वाधिक त्रास घेतला आहे. वरून कपडे टाकण्याच्या मशीनमध्ये थंड पाण्याने एक धुणे काढायला साधारण पाव युनिट लागते. त्यावरची सवलत २० पैसे. महिन्यात वीस धुणी काढली तरी ४ रुपये. मशीन समोरून उघडणारे असेल आणि ६० अंशांवर पाणी तापवत असेल तर एका धुण्याला सुमारे एक युनिट जाते. तिथे दिवसाची वेळ पाळण्याला थोडा अर्थ आहे, पण पाणी न तापवता धुण्याला त्याहून कितीतरी जास्त अर्थ आहे. एकूण काय, मशीन दुपारी लावावे. सवलतीपेक्षाही खालच्या शेजाऱ्यांची झोप हे त्याचे मोठे कारण आहे. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात दुपारी तीनला वाळत टाकलेले कपडे पाचच्या आत कडक होतात.

स्कूटरचे तसे नाही. आपण दीडला घरी येता, हे आपल्या घराचे बलस्थान आहे. साधारण ३ युनिट क्षमतेच्या बॅटरीची स्कूटर असेल आणि रोजची धाव वीस-पंचवीस किलोमीटर असेल, तर रोजची खरी गरज चार्जरमधील घट धरून सुमारे एक युनिट एवढीच असते. घरचा चार्जर हे युनिट दीड तासात भरतो. म्हणून आठवड्यातून दोनदा रात्रभर पूर्ण चार्ज करण्याऐवजी रोज दुपारी तीनला लावून पाचच्या आत काढावी. महिन्याला पंचवीसेक युनिट सवलतीत येतील, म्हणजे सुमारे २० रुपये वाचतील. आल्या आल्या मात्र लावू नये. उन्हातून आलेल्या गाडीची बॅटरी तापलेली असते आणि त्याच अवस्थेत चार्ज केली तर तिचे आयुष्य घटते. तासभर सावलीत उभी राहू द्यावी. नव्या बॅटरीच्या किमतीपुढे हे २० रुपये काहीच नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

गिझरबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात, आणि त्याबद्दलच सर्वांत जास्त चुकीचे सल्ले दिले जातात. हिवाळ्यात टाकीतले पाणी १८ अंशांच्या आसपास असेल आणि अंघोळीला ४२ अंशांचे वीस लिटर पाणी हवे असेल, तर ते तापवायला अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त वीज लागते. शाळेला आणि बुटीबोरीला जाणाऱ्यांना नऊनंतर अंघोळ करणे शक्य नाही, तेव्हा त्यांचा विचार सोडून द्यावा. सासूबाईंना सवडीने सव्वानऊला अंघोळ करणे जमत असेल तर तेवढे अर्धे युनिट सवलतीत येते. महिन्याचे १३-१४ रुपये. पण ‘दुपारी चारला गिझर तापवून ठेवा आणि सकाळी सहाला तेच पाणी वापरा’ असा जो सल्ला फिरतो, तो मुळीच मानू नये. टाकीच्या गिझरमधून रात्रभर उष्णता झिरपत राहते, सकाळी पाणी कोमट मिळते आणि पुन्हा बटण दाबावे लागते. वाचवलेल्या ८० पैशांच्या बदल्यात चार-पाच रुपयांची वीज जाते. उन्हाळ्यात तर आपल्याकडे हा प्रश्नच उरत नाही, कारण गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते आणि थंड पाणी कुठून आणावे हीच चिंता असते.

इन्व्हर्टरबाबतही एक इशारा द्यायला हवा. दिवसा बॅटरी भरून घ्यायची आणि संध्याकाळी मेन स्विच पाडून घर बॅटरीवर चालवायचे, अशी युक्ती काही हौशी मंडळी करतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून एक युनिट बाहेर काढायचे तर आत सुमारे १.४ युनिट भरावे लागते. त्या १.४ युनिटवर सवलत १ रुपया १२ पैसे मिळते आणि वाया गेलेल्या ०.४ युनिटचे चार रुपयांहून अधिक द्यावे लागतात. वर बॅटरी रोज रिकामी झाल्याने वर्ष-दोन वर्षांत बदलावी लागते. हे करू नये.

पाण्याची मोटार हा खऱ्या अर्थाने सहज हलणारा भार आहे, कारण पाणी साठवून ठेवता येते आणि साठवल्याने ते झिजत नाही. आपल्या इमारतीत तळटाकीतून गच्चीवर पाणी चढवणारी मोटार सामायिक मीटरवर असणार. तिथेही टीओडी मीटर असेल आणि दर घरगुती असेल, तर सोसायटीच्या पहारेकऱ्याला ती सकाळी सहा आणि संध्याकाळी सात या नेहमीच्या वेळांऐवजी सकाळी साडेनऊ आणि दुपारी साडेतीनला लावायला सांगावे. तीन अश्वशक्तीची मोटार दिवसाला दोन तास चालली तर पाच युनिट होतात. महिन्याचे दीडशे युनिट, म्हणजे १२० रुपये सवलत, आणि त्यासाठी कोणाच्याही सोयीला धक्का लागत नाही. गच्चीवरची टाकी रात्रभर पुरेल एवढी मोठी आहे ना, एवढेच पाहावे. घरघंटी, इस्त्री, इंडक्शनवरचे दुपारचे काही उकडणे-शिजवणे हेही दिवसात बसवावे, पण त्यासाठी दिनक्रम मोडण्याची गरज नाही.

सर्व एकदम नऊच्या ठोक्याला सुरू करू नये, हे मात्र आवर्जून सांगतो. स्मार्ट मीटर अर्ध्या तासातील कमाल मागणीही नोंदवतो. गिझरचे २ किलोवॉट, इस्त्रीचा १ आणि मशीनचा अर्धा एकत्र आले की मंजूर भार, म्हणजे आपल्या जोडणीला मंजूर झालेली किलोवॉटची मर्यादा, सहज ओलांडला जातो, आणि जुन्या तारा तापतात ते वेगळेच. गिझरसाठी टायमर घेतल्यास तो १६ अँपिअरचाच घ्यावा. सहा अँपिअरच्या स्वस्त टायमरवर गिझर लावल्यामुळे वितळलेले सॉकेट मी स्वतःच्या बहिणीच्या घरी बदललेले आहे.

आता एसीकडे येतो, कारण उन्हाळ्यात आपल्या बिलाचा निम्म्याहून अधिक भाग तोच खाणार आहे. इंग्रजी लेखांतून ‘प्री-कूलिंग’चा सल्ला वाचायला मिळतो: दुपारी स्वस्त विजेवर खोली गार करून ठेवावी, म्हणजे संध्याकाळी एसी कमी लागतो. जिथे भिंतींत आणि छतात उष्णतारोधक थर असतो तिथे हे जमते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि आपली सदनिका उघड्या स्लॅबखाली आहे. हा स्लॅब दिवसभर तापतो आणि त्याची धग खोलीत पूर्णपणे उतरते ती रात्री नऊ-दहाच्या सुमारास. दुपारी चारला गार केलेली हवा त्या धगीपुढे तासभरही टिकत नाही. नागपुरातल्या महाल भागातील जुन्या वाड्यांच्या दोन हात जाड भिंतींत कदाचित हा प्रयोग करून पाहता येईल, पण गंमत अशी की त्या वाड्यांत तो करण्याची गरजच फारशी पडत नाही. थोडक्यात, रात्रीचा एसी दिवसा हलत नाही. तो कमी मात्र करता येतो.

रात्री नऊ तास दीड टनाचा एसी चालला तर महिन्याला अडीचशेच्या आसपास युनिट होतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २२ ऐवजी २६ अंश ठेवून वर पंखा मध्यम गतीने फिरवला तर पन्नासेक युनिट वाचतात, आणि ती बिलातल्या सर्वांत महाग टप्प्यातली असतात. पाचशे रुपयांहून अधिकची ही बचत आहे. यासोबत सोसायटीची परवानगी काढून गच्चीला एप्रिलपूर्वी पांढरा उष्णतारोधक लेप द्यावा. निदान चुन्याचे दोन हात तरी द्यावेत. सासूबाईंनी दुपारी कूलर लावावा. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत वाळ्याच्या नव्या ताट्या लावलेला कूलर दोनशे वॉटमध्ये जे काम करतो, त्यासाठी एसीला त्याच्या पाच-सहापट वीज लागते. त्यांना दुपारी एसी हवाच असेल तर तो जरूर लावावा, त्यावर सवलत आपोआप मिळेल. पण ‘दिवसा स्वस्त आहे’ म्हणून जास्तीचा एक तास चालवला तर दहा रुपयांच्या विजेवर ८० पैसे परत मिळतात, एवढाच त्याचा अर्थ.

फ्रिजला हात लावू नये. तो रात्री बंद ठेवून दिवसा चालवण्याचा उद्योग मी पाहिलेला आहे. त्यात दूध नासते आणि पैसे वाचत नाहीत.

एवढे सगळे केल्यावर आपल्या सदनिकेचा हिशेब काय निघतो? एसी नसलेल्या महिन्यात २८० युनिट वापर धरला, तर सासूबाई घरी असल्याने त्यांतली नव्वदएक युनिट आधीच नऊ ते पाचच्या आत पडत असावीत. त्यांचे सुमारे ७२ रुपये काहीही न करता मिळतात. स्कूटर, मशीन, एक अंघोळ, इस्त्री असे मिळून आणखी ५० युनिट हलवता आली तर ४० रुपये वाढतात. मशीन आणि स्कूटर रात्री लावूनही आपल्याला फरक का दिसला नाही आणि दिवसा लावूनही फार मोठा का दिसणार नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तरीही स्मार्ट मीटरचा एक उपयोग माझ्या दृष्टीने या सवलतीहून मोठा आहे, आणि त्याकडे कोणी पाहत नाही. हा मीटर अर्ध्या-अर्ध्या तासाचा वापर नोंदवून ठेवतो आणि तो वापर महावितरणच्या मोबाइल ॲपवर पाहता येतो. एसी बंद असलेल्या एखाद्या रात्री दोन ते चार या वेळेत किती वीज गेली ते पाहावे. सगळे झोपलेले असताना पंखे आणि फ्रिज सोडून जे काही चालू आहे, ते चोवीस तास चालू आहे. केवळ ५० वॉटचा असा भार महिन्याला ३६ युनिट खातो, आणि ती दुसऱ्या टप्प्यातली असतील तर जवळजवळ चारशे रुपयांची. वर काढलेल्या सगळ्या सवलतीच्या तिपटीहून हे जास्त आहे. माझ्या स्वतःच्या घरी हा आकडा मेळ खाईना, तेव्हा एकेक प्लग काढत गेलो. शेवटी जिन्याखालच्या इन्व्हर्टरची सहा वर्षांची बॅटरी सापडली. ती कधीच पूर्ण भरत नव्हती आणि रात्रंदिवस वीज ओढून नुसती गरम होत होती. आपल्या घरी बॅटरी असेल, शयनगृहात सेट-टॉप बॉक्स असेल, बाथरूममध्ये विसरलेला गिझर असेल.

ॲपवर नोंद दिसत नसेल तर मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याने हेच काम होते. एका युनिटला किती झपके, ते मीटरच्या पाटीवर छापलेले असते. समजा ३२०० आहेत. दहा झपक्यांना लागलेले सेकंद मोजावेत आणि ११,२५० ला त्या संख्येने भागावे, म्हणजे त्या क्षणीचा भार वॉटमध्ये मिळतो. दहा झपके पंधरा सेकंदांत झाले तर भार ७५० वॉट. हीच रीत एखादे उपकरण चालू-बंद करून वापरली की त्या उपकरणाची खरी भूकही कळते, आणि ‘नवा मीटर जोरात पळतो’ ही शंकाही घरबसल्या तपासता येते: बाकी सारे बंद करून आतल्या तापनियंत्रकाने तुटत नसेल असे एकच ठाऊक वॉटचे उपकरण, उदाहरणार्थ हिवाळ्यातला एक दांडीचा हीटर, लावावे आणि आकडा जुळतो का ते पाहावे. विजेच्या दाबाप्रमाणे पाच-दहा टक्क्यांचा फरक पडतो, तो धरू नये. त्याहून मोठा फरक सातत्याने दिसला तर लेखी अर्ज करून मीटर तपासून घ्यावा.

शेवटची गोष्ट मीटरच्या घड्याळाची. मीटरचे बटण दाबत गेले की पडद्यावर तारीख आणि वेळ येते. ती आपल्या मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहावी आणि फरक असल्यास फोटो काढून कार्यालयाला कळवावे. तोवर नऊऐवजी सव्वानऊ आणि पाचऐवजी पावणेपाच अशा वेळा पाळाव्यात. पुढच्या बिलावर वेळेनुसार युनिटांची विभागणी आणि सवलतीची रक्कम स्वतंत्र दिसते का ते पाहावे. विभागणी दिसूनही सवलतीची ओळ नसेल, तर १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा.